बिअर्डेड ड्रॅगनचे पोट पुन्हा पुन्हा बिघडते : औषधाआधी काय तपासायचे

बिअर्डेड ड्रॅगन, लाडाने बिअर्डी, हा पेटीत दिव्याखाली पाळला जाणारा ऑस्ट्रेलियन सरडा. त्याच्या पोटाची तक्रार साधारण अशी असते. शी पातळ आणि उग्र वासाची झाली, जंताचे औषध दिले, पंधरा दिवस बरे गेले आणि पुन्हा तेच. किंवा याच्या उलट: आठवडाभर शी नाही, कोमट पाण्यात बसवले की होते आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा अडते. दोन्हींत खापर औषधावर फुटते. खरी गडबड बहुधा पेटीतच असते. दिव्याखालचा दगड पुरेसा तापत नाही, ताटलीत वयाला न शोभणारे अन्न पडते, नाहीतर औषधाने गेलेला परजीवी पेटीतल्या घाणीतून परत पोटात जातो. म्हणून क्रम असा ठेवा: आधी उष्णता, मग अन्न, मग शीची तपासणी. औषध त्यानंतर.

मात्र पुढची लक्षणे दिसत असतील तर घरी तपासत बसू नका, त्याच दिवशी सरपटणारे प्राणी पाहणाऱ्या पशुवैद्याकडे जा: शीत ताजे रक्त किंवा डांबरासारखी काळी शी, मागच्या बाजूने लाल मांसल भाग बाहेर आलेला, मागचे पाय ओढत चालणे, सतत उलट्या होणे, डोळे खोल गेलेले आणि अंगात त्राण नसणे, किंवा वजन दहा टक्क्यांहून जास्त उतरलेले. वजनासाठी एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला साधा काटा चालतो, फक्त तो प्राण्यासाठी वेगळा ठेवा. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी खाण्याआधी वजन करून वहीत लिहा. पोटाच्या जुनाट दुखण्यात ही वही कुठल्याही फोटोपेक्षा जास्त सांगते.

नेहमीची शी कशी असते

निरोगी बिअर्डीच्या शीचे दोन भाग दिसतात: तपकिरी, आकार धरलेली शी आणि तिला चिकटलेला पांढरा, खडूसारखा युरेटचा, म्हणजे घट्ट झालेल्या लघवीचा गोळा. सोबत थोडे पाणी असले तरी चालते. युरेट पिवळा-केशरी आणि कडक झाला तर अंगात पाणी कमी आहे. पिल्लू रोज एकदा-दोनदा शी करते. मोठा प्राणी रोज करेल, नाहीतर चार-पाच दिवसांतून एकदा, आणि दोन्ही ठीक. थंडीच्या दिवसांत काही मोठे ड्रॅगन आठवडेच्या आठवडे सुस्त पडून राहतात, खात नाहीत आणि शीही करत नाहीत. तो आजार नाही, पण वजन टिकून असले तरच.

एखाद्या दिवशी शी पातळ झाली म्हणून घाबरायचे कारण नसते. आदल्या दिवशी काकडी, कलिंगड किंवा हॉर्नवर्मसारखा पाणीदार किडा दिला असेल तर शी सैल होणारच. सलग तीन वेळा पातळ, सोबत आंबूस-कुजका वास किंवा चिकट आव, असे असेल तर मात्र तपासायला लागा.

पहिली पायरी: तापमान, तेही खरे मोजलेले

हा प्राणी मूळचा ऑस्ट्रेलियाच्या मध्य आणि पूर्व भागातल्या कोरड्या मुलखाचा. त्याचे शरीर स्वतः उष्णता तयार करत नाही. ऊन खाऊन ते 35 अंशांच्या आसपास आले की आतड्यांची हालचाल आणि पाचक रस नीट चालतात. त्याखाली पचन मंदावते, गिळलेला किडा पोटात पचण्याऐवजी सडू लागतो आणि पुढे गॅस, पातळ शी, उलटी किंवा बद्धकोष्ठ यांतले काहीही होऊ शकते. एकाच कारणाची इतकी वेगवेगळी तोंडे असल्यामुळे ते सहसा ओळखू येत नाही.

दिव्याखाली बसायच्या जागेचा पृष्ठभाग मोठ्या प्राण्यासाठी 38 ते 41 अंश सेल्सिअस हवा, पिल्लासाठी एखाद-दोन अंश जास्त. पेटीच्या दुसऱ्या, थंड टोकाची हवा 24 ते 27. रात्री 18 ते 22 पुरे. दुकानात मिळणारे काचेला चिकटवायचे गोल काट्याचे थर्मामीटर काचेजवळच्या हवेचे तापमान दाखवते, तेही धड नाही. त्याच्या भरवशावर राहू नका. दगडासाठी इन्फ्रारेड टेम्परेचर गन आणि हवेसाठी वायरच्या टोकाला प्रोब असलेले डिजिटल थर्मामीटर, अशी दोन साधने घ्या. दिवा लावल्यावर तासाभराने, प्राणी जिथे पोट टेकतो नेमक्या त्या जागेवर गन धरा. दुपारी एकदा आणि दिवे मालवण्याआधी एकदा, असे तीन-चार दिवस मोजा.

आकडा कमी आला तर दगड दिव्याच्या जवळ सरकवा किंवा बल्ब जास्त वॅटचा घ्या, पण प्राण्याची पाठ आणि दिवा यांत 20 सेंटिमीटरपेक्षा कमी अंतर ठेवू नका. पाठ भाजते. खालून तापणारे ‘हॉट रॉक’ काढून टाका. या प्राण्याला उष्णता वरून येते हे कळते, पोटाखालचा चटका त्याला वेळेत जाणवत नाही. जास्त गरमीही वाईटच. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात खोलीच 38-40 वर जाते आणि पेटीचे थंड टोक थंड उरतच नाही. तिथे दुपारी उष्णतेचा बल्ब बंद ठेवून फक्त यूव्हीबी (उन्हातल्यासारखे अतिनील किरण देणारी) ट्यूब चालू ठेवा. तोंड उघडून बसलेला प्राणी दिव्यापासून लांब जाऊनही तोंड मिटत नसेल तर त्याला गरमी झाली आहे.

भारनियमन असलेल्या गावांत अजून एक अडचण होते. सकाळी किडे खाऊ घातले आणि दहा वाजता वीज गेली, म्हणजे भरल्या पोटाने प्राणी दिवसभर थंड. खाणे दिवा लागल्यावर एक-दीड तासाने द्या, आणि शेवटचे खाणे दिवा मालवण्याच्या किमान दोन तास आधी. वीज जायची वेळ ठरलेली असेल तर त्या दिवशी किडे देऊ नका, पाला द्या.

यूव्हीबीचा पचनाशी संबंध लगेच लक्षात येत नाही. या किरणांवाचून कातडीत ड जीवनसत्त्व बनत नाही, ते नसेल तर कॅल्शियम शोषले जात नाही आणि रक्तात कॅल्शियम घटले की आतड्यांचे स्नायूही ढिले पडतात. बद्धकोष्ठाच्या कित्येक तक्रारींचे मूळ इथे असते. लांब टी-5 ट्यूब, 10 ते 12 टक्क्यांची, पेटीच्या निम्म्याहून जास्त लांबीची हवी. ती काचेच्या वर ठेवली तर यूव्हीबी खाली पोचत नाही, आणि जाळीच्या वर ठेवली तर जाळी तिसऱ्या हिश्शाहून जास्त किरण खाते. साधारण वर्षभराने ट्यूब दिसायला उजळच दिसते, पण तिची यूव्हीबी उतरलेली असते, तेव्हा बसवल्याची तारीख ट्यूबवरच मार्करने लिहून ठेवा. खिडकीच्या काचेतून येणारे ऊन यूव्हीबीच्या हिशेबात धरू नका.

हे सगळे दुरुस्त करून दहा दिवस थांबा. पुष्कळ तक्रारी इथेच मिटतात.

दुसरी पायरी: ताटली

सगळ्यात जास्त घोळ वयाच्या हिशेबात होतो. पिल्लाच्या खाण्यात साधारण 70 ते 80 टक्के किडे आणि बाकी पाला हवा. मोठा झाल्यावर, म्हणजे वर्ष-दीड वर्षानंतर, हे प्रमाण बरोबर उलटे करायचे. ते बरेच जण करत नाहीत, कारण बिअर्डी पाल्याकडे ढुंकूनही पाहत नाही आणि किडा दिसला की झेपावते. मग दोन वर्षांचा प्राणी रोज सुपरवर्म अळ्या खात राहतो. जाड होतो, यकृतात चरबी साठते, शी चिकट आणि दुर्गंधी होते आणि पुढे गाउटही (सांध्यांत युरिक आम्ल साठण्याचा आजार) होऊ शकतो.

मोठ्याला आठवड्यातून दोन-तीनदा, एका वेळी आठ-दहा मध्यम आकाराचे रातकिडे किंवा पाच-सहा डुबिया (खाण्यासाठी पाळलेली झुरळे) पुरेत. पिल्लाला दिवसातून दोन-तीनदा, दहा-पंधरा मिनिटांत खाईल तेवढे. किड्याची रुंदी प्राण्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा जास्त नसावी. हा नियम पिल्लांच्या बाबतीत काटेकोर पाळा. मोठा किडा पोटात अडकला तर मागचे पाय निकामी होईपर्यंत मजल जाते.

किड्यांमध्ये डुबिया आणि रातकिडे रोजच्या वापराचे. काळ्या सोल्जर माशीच्या अळ्यांत कॅल्शियम मुळातच भरपूर असते. मीलवर्म आणि सुपरवर्ममध्ये चरबी जास्त आणि कॅल्शियमपेक्षा फॉस्फरस कितीतरी जास्त, म्हणून ते खाऊ म्हणूनच द्यायचे. वॅक्सवर्म तर निव्वळ चरबी. महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी एक चांगली सोय आहे: रेशीम अळी. मऊ, कमी चरबीची, पचायला सोपी आणि जालना-बीड भागात रेशीम शेती करणाऱ्यांकडे सहज मिळणारी. आजारातून उठलेल्या प्राण्याला सुरुवात करून द्यायला तिच्याइतका चांगला किडा नाही. त्याच शेतकऱ्याकडून तुतीचा पालाही घ्या. तुतीवर कीटकनाशक मारले तर अळ्याच मरतात, त्यामुळे अळ्या पोसायला ठेवलेला पाला बाजारातल्या कुठल्याही भाजीपेक्षा बिनधोक.

घरातली झुरळे, बागेतले नाकतोडे, अंगणातल्या मुंग्या, काही नको. फवारलेले औषध आणि जंत या दोन्हींची ती वाहतूक करतात. काजवा तर कधीच नको. अमेरिकेतल्या काजव्यांच्या अंगात हृदयावर चालणारे विष असते आणि एकेका काजव्याने बिअर्डेड ड्रॅगन मेल्याच्या नोंदी आहेत. भंडारदऱ्याकडचे काजवे तसेच आहेत की नाहीत याची परीक्षा आपल्या प्राण्यावर करू नये.

किडे खाऊ घालण्याआधी 24 ते 48 तास त्यांना चांगले खायला द्या: शेवग्याचा पाला, गाजर, लाल भोपळा. उपाशी रातकिडा म्हणजे नुसते टरफल. देताना एका पिशवीत किडे आणि चिमूटभर कॅल्शियम पावडर घालून हलवा. वाढत्या पिल्लाला आठवड्यातून पाच दिवस, मोठ्याला किड्यांच्या प्रत्येक खेपेला. पेटीत चांगली यूव्हीबी असेल तर कॅल्शियम ड जीवनसत्त्व नसलेले घ्या. जास्त झालेले ड अंगात साठते. मल्टिव्हिटॅमिन आठवड्यातून एकदा.

आता पाला. विलायती पुस्तकांत कॉलार्ड, डँडेलियन, एंडाइव्ह यांच्या याद्या असतात आणि ते शोधत वाचक मॉलमध्ये फिरतात. आपल्या मंडईत त्याहून चांगले मिळते. शेवग्याचा पाला, तुतीची पाने, मोहरीची पाने, मुळ्याचा पाला, नवलकोलाची पाने, मेथी, जास्वंदीची पाने आणि फुले. या सगळ्यांत फॉस्फरसपेक्षा कॅल्शियम जास्त असते. हिशेब दोनास एक, कॅल्शियम दोन आणि फॉस्फरस एक, याच्या आसपास राहावा. नागफणी निवडुंगाचे कोवळे फड काटे आणि बारीक कूस पूर्ण सोलून दिले तर उत्तम. कूस राहिली तर ती तोंडात रुतते, म्हणून फड गॅसवर भाजून मग सोलावा. गुरांच्या चाऱ्यातले लसूणघास चालते, पण मोठ्या प्राण्याला थोडेच, त्यात प्रथिने जास्त. सोबत किसलेला लाल भोपळा, दुधी, भेंडी, ढोबळी मिरची थोडी थोडी. फळ आठवड्यातून एकदा, अंगठ्याच्या नखाएवढे: पपई किंवा अंजीर.

पालक, लाल माठ, राजगिरा, चाकवत, चुका, घोळ आणि बीटची पाने रोजच्या ताटलीत घालू नका. त्यांतले ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवते, म्हणजे वरून कितीही पावडर शिंपडली तरी ती फुकट जाते. अळू तर मुळीच नाही, कच्च्या अळवाने माणसाचा घसा धरतो. कांदा, लसूण, लिंबू-संत्री आणि अॅव्होकॅडो नको. अॅव्होकॅडो विषारीच आहे. आइसबर्ग लेट्यूस आणि काकडी म्हणजे नुसते पाणी, पातळ शीचे ते सगळ्यात निरुपद्रवी पण सगळ्यात जास्त आढळणारे कारण.

मंडईतला पाला दोन पाण्यांत, प्रत्येकी दहा मिनिटे बुडवून ठेवा आणि चोळून धुवा. देठ काढा, अर्धा-एक सेंटिमीटरचे तुकडे करा. सकाळी किड्यांच्या आधी ताटली ठेवा. भूक लागलेली असताना समोर फक्त पाला असेल तर हट्टी बिअर्डीही आठवडा-दोन आठवड्यांत वळणावर येते. मोठ्या, वजन चांगले असलेल्या प्राण्याला त्यासाठी दोन-तीन दिवस किडे न देणे क्रूर नाही. पिल्लाला मात्र असे उपाशी ठेवायचे नाही.

पोट बिघडले की दही द्यायची आपल्याकडची सवय इथे विसरा. सरड्याच्या जातीला दूध कधीच माहीत नसते, दुधातली साखर पचवणारी व्यवस्थाच त्यांच्या पोटात नसते. दही-ताकाने शी आणखी पातळ होते.

तिसरी पायरी: शीची तपासणी

तापमान आणि ताटली नीट करून दहा-बारा दिवसांनीही शी पातळ आणि वासाची असेल तर नमुना द्या. ताजी शी, शक्यतो चार-पाच तासांच्या आतली, झाकणाच्या लहान डबीत घ्या. पांढरा युरेट नव्हे, तपकिरी भाग हवा. वाळू किंवा माती चिकटलेली नको, म्हणून आदल्या दिवशी पेटीत साधा कागद अंथरा. लगेच नेता येत नसेल तर डबी फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नाही. प्रयोगशाळेला थेट ओली काचपट्टी आणि फ्लोटेशन (दाट द्रावणात अंडी तरंगवून पाहणे) अशा दोन्ही पद्धती करायला सांगा. पहिलीत हलणारे एकपेशीय जीव दिसतात, दुसरीत जंतांची अंडी आणि कॉक्सिडिया या आतड्यातल्या एकपेशीय परजीवीच्या पुटिका. त्या रोज बाहेर पडत नाहीत, त्यामुळे एका नमुन्यात काही मिळाले नाही याचा अर्थ काही नाही असा होत नाही. आठवडाभराच्या अंतराने तीन नमुने द्या.

अहवाल वाचतानाही गल्लत होते. पिनवर्म या बारीक जंताची थोडीशी अंडी धडधाकट प्राण्यातही सापडतात आणि दर वेळी औषध लागतेच असे नाही. रातकिड्यांच्या पोटातले ग्रेगरिनसारखे जीव सरड्याच्या पोटातून तसेच बाहेर पडतात आणि अहवालात परजीवी म्हणून नोंदले जातात. ते सरड्याचे नव्हेत, रातकिड्याचे. साल्मोनेला हा जिवाणू सापडला तरी दचकू नका, निरोगी सरडेही तो बाळगतात. त्याची काळजी माणसांनी घ्यायची: हाताळल्यावर साबणाने हात धुणे, पेटीची भांडी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये न धुणे आणि पाच वर्षांखालच्या मुलांच्या हाती प्राणी न देणे.

औषध देऊनही कॉक्सिडिया परत का येतो

या प्राण्यात सगळ्यात चिवट त्रास ‘आयसोस्पोरा अँफिबोल्युरी’ या कॉक्सिडियाचा. त्याला मध्ये दुसरा यजमान लागत नाही. शीतून पुटिका बाहेर पडते, ओलावा आणि हवा मिळाली की एक-दोन दिवसांत पिकते आणि पुन्हा तोंडावाटे आत जाते. औषध आतड्यातल्या जिवावर चालते, पेटीतल्या पुटिकेवर नाही. साबण, फिनेल, ब्लीच यांना ती पुटिका फारशी दाद देत नाही. तिला मारते ती उष्णता आणि कोरडेपणा.

म्हणून उपचार चालू असेपर्यंत पेटीचे रूप बदला. वाळू, माती, फांद्या, झुले, नकली झाडे सगळे बाहेर. तळाला वर्तमानपत्र किंवा किचन टिश्यू, पाण्याची वाटी, पाल्याची ताटली आणि बसायला एक टाइल, एवढेच आत. लाकडी फांदी टाकूनच द्या, तिच्या भेगांतून पुटिका जात नाहीत. शी दिसताक्षणी कागदासकट उचला आणि रोज रात्री पूर्ण कागद बदला. टाइल, वाटी, ताटली दोन-दोन संच ठेवा: एक वापरात, दुसरा उकळत्या पाण्यात दहा मिनिटे ठेवून मग कडक उन्हात वाळवलेला. पेटीची काच साबणाने घासून वाफेच्या यंत्राने शेका, एका जागी सावकाश. काचेवर एकदम उकळते पाणी ओतले तर ती तडकते. अमोनियाने पुटिका मरतात असे वाचून कोणी तो वापरायला जाईल तर प्राणी दुसऱ्या खोलीत, खिडक्या उघड्या, आणि ब्लीचशी तो कधीही मिसळायचा नाही. विषारी वायू तयार होतो.

यात सगळ्यात जास्त दुर्लक्ष होते ते उरलेल्या रातकिड्यांकडे. पेटीत सुटलेला रातकिडा रात्रभर शी कुरतडतो, पायांना पुटिका माखून घेतो आणि सकाळी सरडा त्यालाच खातो. झोपलेल्या सरड्याला चावतो ते वेगळेच. किडे चिमट्याने द्या किंवा गुळगुळीत कडांच्या खोल वाडग्यात, आणि पंधरा मिनिटांनी उरलेले मोजून बाहेर काढा. ते परत किड्यांच्या डब्यात टाकायचे नाहीत. आंघोळीचे टब वेगळे ठेवा. पाण्यात शी झाली की पाणी लगेच फेका, कारण हे प्राणी त्याच पाण्यात तोंड घालतात.

औषध कोणते आणि किती हे वजनावर ठरते आणि ते पशुवैद्याने ठरवायचे. इथे एक धोका स्पष्ट सांगायला हवा. पोल्ट्रीच्या दुकानात टॉल्ट्राझुरिल या कॉक्सिडियावरच्या औषधाचे 2.5 टक्के द्रावण सहज मिळते. ते कोंबड्यांच्या पिण्याच्या पाण्यात मिसळण्यासाठी असते, अतिशय अल्कधर्मी असते आणि तसेच तोंडात घातले तर आतून भाजते. त्यात एका मिलिलिटरमध्ये 25 मिलिग्रॅम औषध. 300 ग्रॅमच्या सरड्याला सिरिंजमधला 0.1 मिलिलिटरचा चुकलेला अंदाज म्हणजे किलोमागे 8 मिलिग्रॅमचा फरक. सल्फा गटातली औषधे अंगात पाणी कमी असताना दिली तर मूत्रपिंडावर ताण येतो. फेनबेंडाझोल जंतांवर चांगले, पण वारंवार दिल्यास अस्थिमज्जेवर परिणाम करते, म्हणून ‘दर महिन्याला जंताचे औषध’ हा कुत्र्या-मांजरांचा रिवाज इथे लावू नका. दुसरा डोस साधारण दोन आठवड्यांनी असतो, कारण पहिला डोस अंडी मारत नाही. तो चुकवला की जंत परततात आणि औषध कुचकामी ठरवले जाते.

उपचार संपल्यावर दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा नमुना. लहान पिल्लांत कॉक्सिडिया सारखा भरपूर प्रमाणात येत असेल, वाढ खुंटलेली असेल, तर अॅडेनोव्हायरस या विषाणूची पीसीआर (जनुकीय) चाचणी करून घ्या. त्यावर औषध नाही. मोठे प्राणी लक्षण न दाखवता तो बाळगतात, म्हणून नवा आणलेला ड्रॅगन तीन महिने वेगळ्या खोलीत, वेगळ्या भांड्यांसह ठेवायचा. आणि दोन बिअर्डी एका पेटीत ठेवायच्याच नाहीत. एकीचा जंत दोघींचा होतो आणि दबून राहणारी दिव्याखाली बसूच शकत नाही.

अडलेली शी

आधी वर सांगितल्याप्रमाणे तापमान तपासा. मग दिवसातून एकदा 32 ते 35 अंशांच्या पाण्यात, खांद्यांच्या खालपर्यंत पाणी येईल असे, पंधरा-वीस मिनिटे बसवा. पाणी गार होऊ देऊ नका, प्राण्याला एकटे सोडू नका. पोटावरून शेपटीच्या दिशेने दोन बोटांनी हलकेच फिरवा. बाहेर काढून पूर्ण पुसा आणि लगेच दिव्याखाली ठेवा. जिभेजवळ पाण्याचे थेंब सोडले तर बहुतेक प्राणी पितात. सोबत लाल भोपळ्याचा वाफवलेला गर अर्धा चमचा. शी होईपर्यंत किडे बंद.

तोंडात तेल ओतू नका. एरंडेल असो की पॅराफिन, ते फुप्फुसात गेले तर न्यूमोनिया होतो. माणसांची जुलाबाची औषधेही नकोत. तीन-चार आंघोळींनंतरही काही नसेल, पोट टणक लागत असेल किंवा प्राणी मागचे पाय ओढत असेल तर एक्स-रे लागेल. आत वाळू दिसली तर ती वाळू तिथे का गेली हे पाहा. सुटी वाळू आणि ‘कॅल्शियम वाळू’ म्हणून विकली जाणारी पूड, अक्रोडाच्या टरफलांचा चुरा, हे पिल्लांच्या पेटीत नकोच. ‘पचते’ म्हणून विकलेली कॅल्शियम वाळू पोटात एकजीव होऊन सिमेंटसारखी बसते. मोठ्या, निरोगी प्राण्याला बारीक वाळू-माती क्वचितच बाधते. तोच मुद्दाम वाळू चाटत असेल तर खाण्यातले कॅल्शियम कमी असू शकते.

उलटण्यात पहिला प्रश्न: खाल्ल्यावर किती वेळाने? लगेच उलटले तर किडा मोठा होता किंवा खाल्ल्याबरोबर हातात घेऊन खेळवले. काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी न पचलेले उलटले तर दिवा थंड. दोन दिवस काही देऊ नका, फक्त पाणी आणि उष्णता. मग एक लहान रेशीम अळी. ती टिकली तर हळूहळू वाढवा. पुन्हा उलटले तर पशुवैद्य.

पावसाळा

कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर हवेतली आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर असते आणि या प्राण्याला 30 ते 40 हवी. ओलाव्यात पुटिका जास्त टिकतात, ताटलीतला पाला दुपारपर्यंत आंबतो, किड्यांच्या डब्यात बुरशी धरते. पाला दोन तासांत उचला. पाण्याची मोठी वाटी काढून आठवड्यातून दोनदा आंघोळ आणि रोज थेंब, एवढ्यावर भागवा. पेटीला वर आणि खाली दोन्हीकडे हवा खेळायला जाळी हवी, नुसती वर नाही. किड्यांच्या डब्यात बटाट्याची फोड किंवा गाजर ठेवा, ओला स्पंज नको. बुरशी लागलेल्या डब्यातले किडे सरसकट फेका, निवडून वापरू नका.

दुसऱ्या जातींसाठी

परदेशात युरोमॅस्टिक्स (काटेरी शेपटीचा सरडा) पाळणाऱ्यांनी वरचे किड्यांचे कोष्टक सोडून द्यावे. तो मोठेपणी शाकाहारीच समजायचा. त्याच्या मोठ्या आतड्यात पाला आंबवून पचतो, त्यासाठी दिव्याखाली 48 ते 55 अंशांचा दगड लागतो आणि फळे दिली की ही आंबवणी बिघडून पोट फुगते. पाला, फुले, थोडी कोरडी मसूर, बाजरीचे दाणे, एवढेच. राजस्थान-कच्छातला सांडा याच्याच नात्यातला, पण तो 1972 च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे. तो घरी ठेवणे हा गुन्हा आहे, कुणी ‘देशी युरोमॅस्टिक्स’ म्हणून विकायला आणला तरी.

लेपर्ड गेको ही ठिपक्यांची पाळीव पाल पाला खात नाही, फक्त किडे. लेपर्ड गेकोची जाड शेपटी काडीसारखी बारीक होत गेली आणि शी पातळ असेल तर क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीची पीसीआर चाचणी आधी करा, साध्या तपासणीत तो सहज निसटतो. ब्लीचने तो मरत नाही आणि त्याला पूर्ण घालवणारे औषध नाही. त्या गेकोची पेटी, चिमटा आणि वाट्या दुसऱ्या कोणत्याही प्राण्याला वापरायच्या नाहीत, आणि घरातल्या प्राण्यांचे दाणापाणी करताना त्याचा नंबर शेवटचा ठेवायचा.